कारण शोधायचं कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

लहान मुलांबद्दल लैंगिक ओढ असणाऱ्या पुरुषांवर शास्त्रज्ञ संशोधन करतात म्हटलं की आपल्यातल्या अनेकींच्या कपाळाला आठी पडते. ‘कारणं कसली शोधता? आत टाका त्याला!’ हा राग माझाही आहे. तरी आज मी संशोधनाची बाजू घेणार आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका शिक्षकाची हकीकत बर्न्स आणि स्वर्डलो या डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केली. चाळिशीचा हा माणूस अश्लील चित्रं जमवू लागला, सावत्र मुलीशी लगट करू लागला. बायकोला कळलं, खटला झाला, तो दोषी ठरला. शिक्षेच्या आदल्या रात्री डोकं दुखतं म्हणून इस्पितळात गेला, तर मेंदूत कपाळामागे गाठ निघाली. गाठ काढली आणि ओढ गेली. काही महिन्यांनी डोकेदुखी परतली, चित्रं जमवणंही परतलं. तपासलं तर गाठ पुन्हा वाढलेली!

पण हे सगळं तो लपवून करत होता. म्हणजे वाईट आहे हे त्याला कळत होतं.

अशी गाठ क्वचितच सापडते. आपल्यापर्यंत येणाऱ्या प्रकरणांतले काका, शेजारी, शिकवणीचे सर यांच्या बाबतीत तिचा आधार घेता येणार नाही. शिवाय मुलांवर हात टाकणाऱ्या प्रत्येकाला ही ओढ असतेच असं नाही. पुष्कळांना फक्त संधी असते, आणि मूल बोलणार नाही याची खात्री. उलट ओढ असूनही कधीच हात न टाकणारेही असतात. अशांसाठी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २००५ पासून गुप्तता राखून उपचार सुरू केले. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा घडण्याची भीती वाटली तरी कळवणं सक्तीचं केलं आहे. सक्ती हवीच, पण असा माणूस वेळेवर तोंड उघडेल कुणापाशी?

एक ‘कारण’ मात्र आपणच बिनदिक्कत पसरवतो: ‘त्याच्यावरही लहानपणी झालं असेल.’ केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलामुलींनी कुठला ना कुठला लैंगिक छळ सांगितला होता. ही सगळी पुढे अत्याचारी होतात का? इतक्या मुली सोसतात, तरी अत्याचार करणारे बहुतेक पुरुषच कसे?

अत्याचार सोसलेल्या मुलाची आई समोर बसते आणि हळूच विचारते, ‘ताई, हाही मोठेपणी तसाच होईल का हो?’ तिला ठामपणे सांगा, बहुतेक मुलं तशी होत नाहीत.