समुद्रात जहाज नेमके कुठे?

उपग्रहाकडून निघालेली रेडिओलहर जहाजापर्यंत किती वेळात पोहोचली, यावरून अंतर काढायचे. निदान ४ उपग्रहांची अशी अंतरे जुळवून जागा ठरवायची. जीपीएसचे गणित एवढेच. गोम वेळेत आहे. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले की अंतर ३०० मीटरने चुकते. जहाजावरच्या साध्या घड्याळाची चूक चौथ्या उपग्रहामुळे गणितातच निघून जाते. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभरेक मीटरने हुकत असे. ती भेसळ थांबली. आकाशातली चालूच आहे.

उन्हामुळे आयनांबरात सुटे झालेले इलेक्ट्रॉन लहरीला रेंगाळायला लावतात. ते दाट असताना अंतरात १५-१६ मीटरचीही भर पडते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तिथे दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना उतरतात आणि उत्तरेकडचा दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास साचतो. मुंबईचे आकाश त्याच्या दक्षिण उतारावर येते. ही भर वजा करणारे रिसीव्हरमधले ठरीव सूत्र इथे तोकडे पडते ते यामुळेच. सूर्यास्तानंतर या थरात विरळ पोकळ्या उठतात, तेव्हा तर लहर लुकलुकते, कधी तुटतेही.

पहिला उपाय किनाऱ्यावरचा. जागा काटेकोर मोजलेल्या ठिकाणी रिसीव्हर बसवायचा. जीपीएसने दिलेले अंतर आणि खरे अंतर यांतला फरक तो सतत काढतो. दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालयाने अशी केंद्रे उभारली. हा फरक ३०० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आकाशवाणीच्या मीडियम वेव्हच्या खालच्या पट्ट्यात, प्रसारित होतो. जवळच्या जहाजाच्या डोक्यावरचे आकाश जवळपास तेच असल्याने चूक काही मीटरांवर येते. बंदराच्या तोंडाशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला १० मीटरची अचूकता लागते, ती यात बसते. जहाज दूर जाईल तसा दुरुस्तीचा कस उतरतो.

इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा देशभरच्या केंद्रांवरून हाच फरक काढून भूस्थिर उपग्रहांमार्फत कळवते. ती विमानांसाठी उभारली असली तरी तिचा संकेत कोणालाही घेता येतो. मुळावर घाव मात्र दोन वारंवारता घालतात. उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून दोन लहरींच्या पोहोचण्यातल्या फरकावरून तो थेट काढता येतो. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ यंत्रणेच्या उपग्रहांवर ही सोय आहे; सागरी संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘नाविक’ला मान्यता दिली.

उरलेल्या चुका जहाजावरच्याच. अँटेना मागच्या मनोऱ्यावर आणि नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, तिच्यापुढे दोनशे-अडीचशे मीटर, हे यंत्राला सांगावे लागते. जुना नकाशा एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेला असेल, तर अचूक ठिपकाही त्यावर चुकीच्या जागी पडतो. १९९५ च्या जूनमध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजावर अँटेनाची तार निसटली. यंत्र मुकाट्याने वेग आणि दिशेवरून अंदाजी जागा दाखवत राहिले; जहाज १७ सागरी मैल भरकटून अमेरिकेच्या नॅन्टकेटजवळ रेतीत रुतले. खोलीमापक होता, पण त्याचा इशारा शून्य मीटरवर लावलेला होता. किनारा जवळ आला की रडारवरचे अंतर, दीपस्तंभाची दिशा आणि पाण्याची खोली ठिपक्याशी पडताळतात, ते असल्या चुकांसाठीच.