सृष्टीचा संसार
(ज्युबिली महोत्सवांत माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं मुलांना कांहीं उपयुक्त सांगावें, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्हीं पर्यावरणशास्त्राचा विषय निवडला. त्याचीं मूलतत्त्वें शिकण्यास कांचेचीं भांडीं व महागडीं यंत्रें लागत नाहींत. सातारा व सांगली हे आपले दोन जिल्हे हीच त्याची प्रयोगशाळा होय, आणि तिला कुलूपहि नाहीं.

या शास्त्राचें इंग्रजी नांव इकॉलॉजी. हेकेल नांवाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें तें १८६६ सालीं प्रचारांत आणलें. त्याच्या मुळाशीं घर या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. घरांत कोण कोण राहतें, कोण कोणावर अवलंबून आहे, धान्य कोठून येतें व उष्टें कोठें जातें, हें जसें गृहिणीस ठाऊक असतें, तसें सृष्टीच्या घराविषयीं जाणून घेणें म्हणजे हें शास्त्र. पुढें १९३५ सालीं टॅन्स्ले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें सजीव व त्यांच्या भोंवतालचीं माती, पाणी, हवा, ऊन यांस मिळून एकच नांव दिलें; त्यास आपण परिसंस्था म्हणतों. सजीव वेगळे व माती वेगळी, असा भेद येथें चालत नाहीं.

प्रथम पाऊस पहा. महाबळेश्वरीं वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो; माण तालुक्यांत दहिवडीकडे जेमतेम २० इंचांच्या आसपास. दोहोंमधलें अंतर सरळ रेषेनें शंभर किलोमीटरहि भरत नाहीं. घाटमाथा ढगांस अडवितो, आणि पूर्वेकडे कोरडा वारा तेवढा पोंचतो. म्हणून एकीकडे जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट झाडी, तर दुसरीकडे बाभूळ, बोर व कुसळाचें गवत. माणदेशांतील मेंढपाळ पावसाळा पाहून कळप हलवितो, तोहि याच शास्त्राचा विद्यार्थी आहे. त्यानें पुस्तक वाचलें नाहीं एवढेंच.

आतां कासच्या पठारावर चला. साताऱ्यापासून सुमारें २५ किलोमीटर पश्चिमेस, जांभ्या दगडाचें हें उघडें पठार आहे. पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर २०१२ सालीं तें जागतिक वारसा म्हणून गणलें गेलें. तेथें दगडावर मातीचा थर इतका पातळ कीं, मोठें झाड मूळ धरूं शकत नाहीं. वृक्षांची सावली नसल्यामुळेंच लहान फुलांना ऊन मिळतें. अतिवृष्टीनें मातींतील नत्र धुवून जातें. तेव्हां दवबिंदू नांवाची चिमुकली वनस्पती पानावरील चिकट थेंबांनीं कीटक धरते व त्यांच्यापासून नत्र मिळविते. सीतेचीं आसवें म्हणून जीं निळींजांभळीं फुलें प्रेक्षकांस मोहवितात, त्या वनस्पतीहि सूक्ष्म जीवांस लहानशा पिशव्यांत पकडतात. उणीव हीच येथें वैचित्र्याची जननी झाली. कोणी शहाण्यानें या "नापीक" माळावर गाडीभर माती व खत नेऊन टाकलें, तर तीं फुलें नाहींशीं होऊन तेथें साधें गवत माजेल. पडीक म्हणून जमिनीस नांवें ठेवणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

अशा वनस्पतींची नोंद करण्याच्या कामीं आपल्या धर्मगुरूंचाहि हात लागलेला आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील फादर ब्लॅटर या स्विस जेझुइटाच्या नांवानें तेथील वनस्पतिसंग्रह आजहि ओळखला जातो, व फादर संतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. वाळवून कागदावर चिकटविलेली एक काडी शंभर वर्षांनंतर साक्ष देते कीं, हें झाड अमक्या गांवीं होतें.

आतां अन्नाचा हिशेब. सूर्याचें ऊन गवत सांठवितें, गवत हरिण खातें, हरणास बिबट्या खातो. प्रत्येक पायरीवर बहुतेक शक्ति चालण्यांत, श्वासांत व उष्णतेंत खर्च होते. ढोबळ मानानें एक दशांशच पुढें जाते. रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन संशोधकाचा यावरील निबंध १९४२ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. शंभर मण गवतामागें दहा मण हरिण, व दहा मण हरणामागें एक मण शिकारी जनावर, असें समजा. म्हणून वाघ थोडे असतात व त्यांस रान मोठें लागतें. कोयना अभयारण्य व चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान जोडून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचें कारण हेंच. त्या रानासाठीं व तेथील धरणांसाठीं कित्येक गांवांनीं आपलीं घरें, शेतें व देवळें सोडलीं, आणि पुनर्वसनासाठीं त्यांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें. ती गोष्ट वगळून वाघाचें कौतुक सांगणें आम्हांस अपुरें वाटतें.

या हिशेबाचा धडा सागरेश्वरीं अधिक स्पष्ट वाचतां येतो. देवराष्ट्रें गांवाजवळच्या बोडक्या टेंकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानें झाडें लावण्यांत आलीं, कुंपण घातलें, आणि चितळ, सांबर, काळवीट तेथें आणून सोडण्यांत आले. १९८५ सालीं तें अभयारण्य झालें. क्षेत्र ११ चौरस किलोमीटरांहूनहि थोडें कमी. माणसानें मनावर घेतलें तर उजाड डोंगर हिरवा होतो, हें त्यानें सिद्ध केलें, व त्याबद्दल सांगली जिल्ह्यानें अभिमान बाळगावा. परंतु हरणांची संख्या आवरून धरील असा वाघ तेथें नाहीं. कळप वाढले, उन्हाळ्यांत चारापाणी आटलें, आणि हरणें शेजारच्या शिवारांत शिरूं लागलीं. ज्याचें उभें पीक एका रात्रींत फस्त झालें, त्या शेतकऱ्यास हरणाच्या डोळ्यांचें सौंदर्य काय सांगावें? दोष हरणाचा नाहीं व शेतकऱ्याचाहि नाहीं. साखळीची एक कडी नसली म्हणजे तिचें काम कोणाला तरी करावें लागतें: कळपांची मोजदाद, कांहीं हरणें मोठ्या रानांत हलविणें, कुंपणाची दुरुस्ती, नुकसानभरपाई. जें काम वाघ विनावेतन करतो, त्यास आपल्याला कचेरी लागते!

आणखी एक तत्त्व असें कीं, सृष्टींत कोणतीहि वस्तु फेंकून दिल्यानें नाहींशी होत नाहीं. वाळवें, पलूस, मिरज या भागांत कृष्णाकांठची काळी जमीन एके काळीं सोन्याच्या मोलाची गणली जाई. धरणाचें व उपसा योजनांचें पाणी आलें, ऊस आला, घरांत पैसा आला; तें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र भारी काळ्या जमिनींतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षें पाट भरून पाणी दिल्यानें भूगर्भांतील पाण्याची पातळी वर येते. वातींतून तेल चढावें तसें तें पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत चढतें. ऊन पाण्यास नेतें. त्यांत विरघळलेले क्षार मात्र मागें राहतात. मग वरंब्यावर पांढरें मीठ फुटतें, ऊस पिंवळा पडतो, आणि अखेरीस आजोबांनीं पोटच्या मुलाप्रमाणें जपलेली जमीन क्षारपड होऊन पडून राहते. येथें बसलेल्यांपैकीं कांहींच्या घरीं अशी जमीन असेल. त्यांना आम्हीं वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं.

उपाय आहेत. जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घालून निचरा करणें, चोपण जमिनीस जिप्सम देणें, ताग अथवा धैंचा पेरून गाडणें, ठिबकानें मोजकें पाणी देणें, उसानंतर पिकांचा पालट करणें. परंतु एकट्या शेतकऱ्याच्या नळ्यांचें पाणी शेजाऱ्याच्या बांधाशीं अडलें तर सारा खर्च व्यर्थ. ओढ्यापर्यंतच्या साऱ्या शेतांनीं मिळून चर काढावा लागतो. भाऊबंदकी व निचरा यांचा इतका निकट संबंध असेल, हें कोणत्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

महापुराविषयीं थोडक्यांत. १९२९ सालीं खुला झालेला सांगलीचा आयर्विन पूल हें आपलें मोजमाप. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. २००५ व २०२१ हीं वर्षेंहि घरोघरीं आठवतात. धरणांतून पाणी केव्हां व किती सोडावें, हा वाद जाणत्यांत चालूं आहे व तो चालावा. पण नदीच्या पात्राबाहेरचा सखल भाग हाहि नदीचाच असतो, पूर तेथें पसरतो व गाळ टाकतो. तेथें भराव घालून बांधलेलें घर पाण्यास दुसऱ्याच्या दाराकडे वळवितें.

तर विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक वही घ्या. घराजवळच्या विहिरींत दोरी सोडून पाणी किती हात खोल आहे, तें दर रविवारीं लिहून ठेवा. बांधावर मीठ फुटलें असेल तर कोठें, किती पावलें, तेंहि लिहा. शेजारच्या एकाच झाडावर कोण कोण येऊन बसतें, काय खातें, याची यादी करा. नांव ठाऊक नसेल तर आजीस विचारा, तिला बहुधा ठाऊक असतें. नाताळापूर्वीं ज्या वह्या पुऱ्या होतील, त्या आम्ही स्वतः वाचूं, आणि क्षारपड शिवारांच्या नोंदी एका नकाशावर मांडून शाळेच्या भिंतीवर लावूं.