चुलीची ऊब माडीवर



आमच्या अकलूजला वर्षातले आठ महिने घर गार कसं ठेवायचं याचीच चिंता. तरी आज मी घर गरम करण्यावर बोलणार आहे. निमित्त माझ्या भाच्याचं. तो अमेरिकेत व्हर्मांट राज्यात राहतो. तिथं जानेवारीत पारा कैक रात्री उणे १५ च्या खाली उतरतो. त्याचं घर जुनं, दुमजली, लाकडी. खालच्या खोलीत लाकडावर चालणारी बिडाची मोठी शेगडी. एके दिवशी फोन आला, "मामा, मी खाली बनियनवर बसलोय आणि वर पोरं कानटोपी घालून झोपतायत. ऊब वर जाते असं तुम्हीच शाळेत शिकवलं होतं ना?"

शिकवलं होतं. पण अर्धंच.

आमच्या जुन्या वाड्यात खाली स्वयंपाकघर आणि वर माडी. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, कधी बाभळीचा ओंडका. पौषातल्या पहाटे चुलीपुढं धग आणि माडीवर मात्र वाकळेत पाय पोटाशी घेऊन पडायचं. माझ्या चुलत्यांनी एकदा डोकं चालवलं आणि चुलीच्या बरोबर वरची तक्तपोशीची एक फळी काढली. ऊब आली, पण तिच्याआधी धूर आला. सगळे डोळे चोळत अंगणात! आजी एवढंच म्हणाली, "आधी धुराला वाट कर, मग उबंचं बघ." फळी परत बसली. तिच्याखालच्या तुळईला बियाण्याची कणसं आणि लसणाच्या जुड्या लटकल्या. धुरामुळं त्यांना कीड लागत नसे.

माडीवर बाळंतीण असली की ऊब हातानं वर न्यावी लागे. चुलीतले निखारे घमेल्यात काढायचे, धूर पुरता सरला की वर चिमूटभर ओवा न् शेपा टाकायच्या आणि घमेलं बाजेखाली सरकवायचं. आजी खिडकीचं एक दार हटकून किलकिलं ठेवायची. शेजारणी नावं ठेवत, "ओल्या बाळंतिणीला वारं लागंल की." पण धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत तो झोपेतच जीव घेतो. आजीनं हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं.

भाच्याला मी उदबत्ती लावायला सांगितली. जिन्याच्या दारात आधी चौकटीच्या वरच्या अंगाला धर, मग उंबऱ्याजवळ. वर धूर जिन्याकडं पळाला, खाली तोच धूर शेगडीकडं वळला. एकाच दारात दोन वारे! गरम हवा चढते ती जड गार हवा खाली येऊन तिला उचलते म्हणून. गार हवेला उतरायला वाट नसेल, तर ऊब खालच्या छतालाच तुंबून राहते. आणि वर पोरं काय करत होती? थंडी वाजते म्हणून खोल्यांची दारं गच्च लावून झोपत होती.

हवा तशी हमाल म्हणून दुबळीच. एक घनमीटर हवा एका अंशानं निवताना जेवढी उष्णता देते, तेवढी द्यायला फुलपात्रभर पाणी पुरतं. वाफ तर त्याहून जोरकस. साखर कारखान्यात बॉयलर खाली, तिथं बगॅस जळतं. रस आटवून साखर धरायचे पॅन वरच्या मजल्यावर. तिथवर गरम हवा कुणी पाठवत नाही, नळातून वाफ जाते. एक किलो वाफ १०० अंशांवर पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी देऊन जाते. शंकरनगरच्या कारखान्यात नोकरी केलेल्यांना हे मी सांगायला नको. थंड मुलखातल्या घरांतूनही गरम पाण्याचे नळ खेळवतात ते याचसाठी. कोरियातल्या जुन्या घरांत तर चुलीचा धूरच फरशीखालून फिरवून मग बाहेर सोडत. आजीला हे पटलं असतं.

भाचा म्हणाला, वरच्या जमिनीला भोक पाडून जाळीच बसवतो. मला चुलत्यांची फळी आठवली. शिवाय आग लागली तर तीच जाळी ज्वाळांचं धुराडं होते. तिच्यात झडप हवी, सुमारे ७४ अंशांना वितळणाऱ्या जोडावर तोललेली, म्हणजे आगीत जोड वितळून ती आपोआप मिटते. ते सगळं नंतर, म्हटलं. आधी दारं उघडी ठेव आणि जिन्याच्या वरच्या टोकाला जमिनीवर छोटा टेबलफॅन लाव, तोंड खाली. गरम हवेला वर ढकलायच्या भानगडीत पडू नकोस. जमिनीलगतची गार हवा खाली लोट, तिच्या जागी ऊब आपसूक येईल.

दोन रात्रींत कानटोप्या उतरल्या.

रविवारी अक्कानं, म्हणजे त्याच्या आईनं, अकलूजहून व्हिडिओ कॉल लावला. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आणि जिन्यात घरघरणारा पंखा. नातवंडांची विचारपूस राहिली बाजूला. "आरं, असल्या थंडीत पंखा कोण लावतंय? बंद कर आधी!"