नकाशा आधी, भिंत नंतर

(रौप्यमहोत्सवी सभेतील मनोगत)



मी बांधकामातला माणूस. हातात ओळंबा असला की भीती नाही. पण कॉम्प्युटर दिसला की घाम फुटायचा. "ते पोरांचं काम," म्हणत टाळत राहिलो.

एकदा आर्किटेक्टने सुधारित नकाशा मेलवर पाठवला. मी मेल उघडलाच नाही. जुन्या कागदावरून जिन्याची भिंत उभी केली आणि ती पाडावी लागली. पैसे माझे गेले, पण घाम मिस्तरीचा वाया गेला. तो एवढंच म्हणाला, "दादा, आते मोबाइलमा देखत जा."

त्याच रात्री सूनबाईला गुरू केलं!

पुढे १ मे २०१७ पासून महारेराकडे गृहप्रकल्पांची नोंदणी सुरू झाली, तीही ऑनलाइन. मंजुरी कशाची, ताबा कधी, हे ग्राहक घरबसल्या बघतो. मग बांधणाऱ्याने मागे राहून कसं चालेल? देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. आपल्याला जमणार नाही, असं म्हणूच नका.

मुलांनो, रविवारी तासभर द्या. आपल्या ओळखीच्या मिस्तरी-सुपरवायझरांना तीनच गोष्टी शिकवू: नकाशा उघडणं, त्यावरची तारीख बघणं आणि शंका आली तर फोटो पाठवून विचारणं. पण हे सगळं भिंत उभी राहण्याआधी!