जुनी भिंगे, नवे कॅमेरे



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात वक्त्याने स्वतः हाताळलेला विषय मांडावा, अशी माझी समजूत आहे. म्हणून रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची जुनी भिंगे, त्यांचा संग्रह आणि ती आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बसविण्याची विद्या, हा विषय मी निवडला. वरवर पाहता हा छंदाचा विषय वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो केवळ छंदिष्टांचा नाही. जुनी वस्तू जपणे म्हणजे नेमके काय? ती कपाटात ठेवणे, की वापरणे? आणि वापरायची, तर तिच्यात फेरफार करण्याचा आपला अधिकार कोठवर पोहोचतो?

हैदराबादला छायाचित्रणाची परंपरा मोठी आहे. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेले राजा दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तेथील काम एका स्त्रीकडे सोपविले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. परंतु दीनदयाळांचे कॅमेरे तिपाईवरचे, अवजड होते. डोळ्याला लावून रस्त्यावर फिरता येईल असा कॅमेरा त्यांच्या हयातीत रूढ झाला नव्हता. ते निवर्तले १९०५ साली आणि पुढील वीस वर्षांत चित्र पालटले.

जर्मनीतील लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा १९१४च्या सुमारास घडविला. १९२५ साली तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. त्याचे भिंग माक्स बेरेक यांनी रचले होते. १९३२ साली दोन गोष्टी घडल्या : लायकामध्ये अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, भिंगाशी जोडला गेला आणि झाइस कंपनीने आपला ‘कॉन्टॅक्स’ आणला. या कॅमेऱ्यांच्या दर्शनी बाजूस थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. आतून पाहिले असता एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरविले की त्यामागचा तरफेचा दांडा हलतो आणि एक प्रतिमा सरकू लागते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, की चित्र स्पष्ट येणार हे निश्चित. आपल्या दोन डोळ्यांना अंतर कळते ते याच तत्त्वाने.

लायकाची भिंगे आट्यांनी बसत. त्या आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर. हे माप पुढे अनेक देशांनी उचलले. जपानच्या कॅनन कंपनीने ते वापरले. सोव्हिएत संघातील त्याच मापाच्या ‘फेड’ कॅमेऱ्याची कथा तर शाळेत सांगावी अशीच आहे. खारकोव्ह येथे अनाथ व भटक्या मुलांसाठी झेर्झिन्स्की श्रमवसाहत होती. थोर शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को तिचे नेतृत्व करीत. तेथील मुलांच्या हातून १९३४ पासून लायकाच्या धर्तीवरचे हे कॅमेरे बाहेर पडू लागले. भिंग घडविण्यासाठी जो काटेकोरपणा लागतो, तो शिस्तीचा आणि आत्मविश्वासाचा पाठ होऊ शकतो, हे त्या मुलांनी सिद्ध केले.

झाइसच्या लुडविग बेर्टेले यांनी रचलेले ‘सोनार’ हे भिंग या काळाचे वैभव. भिंगावर परावर्तन रोखणारा लेप देण्याची युक्ती त्या वेळी प्रचारात नव्हती. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार-पाच टक्के प्रकाश परतत असे आणि चित्र फिके पडे. बेर्टेले यांनी काचा एकमेकींना चिकटवून त्यांचे तीनच गट केले. सहा काचा असूनही हवेला भिडणारे पृष्ठभाग सहाच राहिले. महायुद्धानंतर झाइसची साधनसामग्री आणि रचना सोव्हिएत संघात गेली आणि तेथे हेच भिंग ‘ज्युपिटर’ नावाने कितीतरी वर्षे बनत राहिले. आज संग्राहकांच्या हाती लागणाऱ्या स्वस्त भिंगांत ‘ज्युपिटर-८’ आवर्जून असते. तेव्हा त्यातून मिळणारे चित्र मुळात जर्मनीतील १९३० नंतरच्या दशकातील बुद्धिमत्तेचे असते, हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रयोगशाळेत बहिर्गोल भिंग, मेणबत्ती आणि पडदा घेऊन आपण सर्वांनी प्रतिमा मिळविली आहे. पडदा किंचित मागेपुढे झाला, की ज्योत पुसट होते. कॅमेऱ्यातही हाच नियम. भिंग ज्या कड्यावर बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते. लायकाच्या आट्यांच्या कॅमेऱ्यात ते २८.८ मिलिमीटर आहे. १९५९ साली ‘निकॉन एफ’ आल्यानंतर आरशाचे कॅमेरे बाजार व्यापू लागले. या कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलण्यास जागा लागते, म्हणून त्यांचे हे अंतर ४४ ते ४७ मिलिमीटरच्या घरात गेले. निकॉनचे ४६.५, तर कॅननच्या पुढच्या मालिकेचे ४४. रेंजफाइंडरचे भिंग त्यांवर बसवायचे, तर ते पंधरा मिलिमीटरहून अधिक आत, म्हणजे आरशाच्या जागेत, घुसवावे लागेल. ते अशक्य होते. परिणामी ही सुंदर भिंगे अनेक दशके पोरकी झाली.

२००४ साली जपानच्या एप्सन कंपनीने आणि २००६ साली लायकाने डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरे आणले, पण ते महाग होते. खरा दरवाजा उघडला तो २००८ साली पॅनासॉनिकने आरसाच काढून टाकला तेव्हा. २०१० साली सोनीने याच वाटेवर पाऊल टाकले, २०१३ साली तिने जुन्या फिल्मच्या पूर्ण आकाराचा सेन्सरही या प्रकारात आणला आणि २०१८ साली निकॉन व कॅननही याच मार्गाला लागले. सोनीच्या कॅमेऱ्यात कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर १८ मिलिमीटर, निकॉनच्या नव्या मालिकेत १६, कॅननच्या २०. वजाबाकी सोपी आहे. सोनीसाठी १०.८ मिलिमीटर जाडीचे, निकॉनसाठी १२.८ मिलिमीटरचे धातूचे कडे मध्ये घातले, की नव्वद वर्षांपूर्वीचे भिंग आजच्या कॅमेऱ्यावर चालू लागते. या कड्याला अडॅप्टर म्हणतात. त्यात काच नसते, वीज नसते. असते ते केवळ अचूक माप.

ते माप किती अचूक असावे? ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगासाठी कडे केवळ एक दशांश मिलिमीटर जाड झाले, तर भिंगाची पोच सुमारे पंचवीस मीटरवर संपते. मक्का मशिदीपाशी उभे राहून चारमिनार टिपू गेलात, तर तो पुसट येईल. आणि भिंग १५ मिलिमीटरचे, अतिविस्तृत दृश्याचे असेल, तर तीच चूक स्पष्टतेची हद्द सव्वादोन मीटरवर आणून ठेवते. म्हणून बरेच कारागीर कडे मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. तेव्हा भिंगावरचे अंतराचे आकडे थोडे खोटे ठरतात, परंतु दूरची वस्तू हातची जात नाही.

या संयोगाने एक जुना दोषही दूर केला. सोव्हिएत भिंगांचे अंतरमापकाशी जुळणारे माप लायकाहून किंचित निराळे होते. त्यामुळे ती लायकावर लावली असता जवळच्या वस्तू थोड्या चुकत आणि लोक भिंगांनाच नावे ठेवीत. नव्या कॅमेऱ्यात अंतरमापक नाही. भिंगातून येणारी खरी प्रतिमा मोठी करून पाहता येते आणि स्पष्ट झालेल्या कडा रंगाने उजळून दाखविल्या जातात. भिंगात खोट नव्हती, जोडणी चुकत होती, हे अशा रीतीने पुष्कळदा उघड झाले. सर्वच अडचणी मात्र सुटत नाहीत. काही विस्तृत दृश्याची भिंगे सेन्सरच्या फार जवळ जातात. त्यांचे तिरपे किरण सेन्सरवरील काचेच्या थरातून जाताना विस्कटतात, म्हणून कडा पुसट होतात आणि कोपऱ्यांत रंगाची झाक येते. आत ढकलता येणारी नळीची भिंगे नव्या कॅमेऱ्यावर असताना आत ढकलू नयेत. आतील नाजूक भागांवर ती आदळू शकतात.

आणि येथेच तो प्रश्न उभा राहतो. ‘ज्युपिटर-१२’ या भिंगाची मागची काच इतकी आत येते, की काही कॅमेऱ्यांत ती आतील चौकटीला लागते. मग कोणी भिंगाचे मागचे आवरण कानशीने घासतो. दुसरा एखादा, स्थिर भिंगाचा जुना पण चालू रेंजफाइंडर कॅमेरा फोडून त्याचे भिंग उपटतो आणि उरलेला सांगाडा भंगारात टाकतो. हे सारे आता हौसेने चालते. असे घासलेले भिंग पुन्हा मूळच्या कॅमेऱ्यावर विश्वासाने बसत नाही. ज्या कारखान्याने ते घडविले तेथे त्याचे उत्पादन बंद पडलेले असते, आणि ते दुरुस्त करणारा मिस्त्रीही वयोवृद्ध झालेला असतो.

यावर उत्तर नवे नाही. ते १९५४ साली लाइट्झनेच देऊन ठेवले आहे. त्या वर्षी त्यांनी आट्यांऐवजी झटपट बसणाऱ्या पकडीचा नवा ‘एम-३’ कॅमेरा काढला. तेव्हा कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर त्यांनी मुद्दाम २७.८ मिलिमीटर ठेवले, म्हणजे जुन्याहून बरोबर एक मिलिमीटर कमी. त्या एका मिलिमीटरमध्ये एक पातळ कडे बसते आणि ग्राहकाच्या घरची सगळी जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर चालतात. नव्याने जुन्यासाठी जागा राखावी, हा विचार त्या एका मिलिमीटरमध्ये आहे. यातून मी एक नियम घेतो : फेरफार कड्यात करावा, भिंगात करू नये. जे केले ते उद्या कोणाला पूर्ववत करता आले पाहिजे. एखादे भिंग तुमच्या कॅमेऱ्यावर बसत नसेल, तर ते बसणारा कॅमेरा कोणाकडे तरी असेल, असे समजून ते तसेच सोडावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काहीच न करणे हे जतन नव्हे. सालारजंग संग्रहालयात हजारो मौल्यवान वस्तू आहेत. पण तासाचा ठोका जवळ आला, की गर्दी जमते ती त्या घड्याळापुढे, जिच्यातून छोटी आकृती बाहेर येऊन टोले देते. ते घड्याळ बंद पडले असते, तर कपाटातील आणखी एक वस्तू होऊन बसले असते. भिंगाचे तसेच आहे, किंबहुना अधिक. अंधारात, दमट हवेत, चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशीचे धागे काचेवरील लेप खातात. एकदा लेप खाल्ला गेला, की पुसून तो परत येत नाही. हैदराबादची हवा मुंबईपेक्षा कोरडी असली, तरी जून ते सप्टेंबर ही धास्ती असतेच. भिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून वापरावे. याहून चांगले औषध नाही.

विकत घेताना थोडा विवेक हवा. जुमेरात बाजारात किंवा एर्रागड्डाच्या रविवारच्या बाजारात एखादे भिंग दिसले, तर मागून बॅटरीचा प्रकाश टाकून पाहावे. बुरशी, धूसरपणा आणि काचांमधील चिकट थर सुटल्याचे डाग लगेच दिसतात. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का, आटे झिजले आहेत का, हे तपासावे. नावाला भुलू नये. फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव आणि खोट्या लष्करी खुणा कोरून ते विकण्याचा धंदा जुना आहे. आपल्याला हवे आहे ते भिंग, त्यावरची अक्षरे नव्हेत.

मित्रहो, येथे बसलेल्या अनेकांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांचा किंवा काकांचा एखादा कॅमेरा पडलेला असेल. त्याचे काय करायचे हे ठाऊक नसल्याने तो पुढच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाईल. माझी विनंती आहे की तो उतरवा. तो कोणाचा, कोठे घेतला, त्याने काय टिपले, हे कागदावर लिहून त्याच्या सोबत ठेवा. भिंग स्वच्छ असेल, तर एक कडे आणून घरातील मुलांच्या हाती द्या आणि त्याच घरातील माणसांचे छायाचित्र त्यातून काढू द्या. गावात एखादा जुना मिस्त्री अजून कामावर असेल, तर एखाद्या तरुणाने त्याच्याजवळ बसून चार गोष्टी शिकाव्यात. ती विद्या पुस्तकात उतरलेली नाही. ती बोटांत आहे, आणि बोटांबरोबर जाईल.

शाळेलाही एक सूचना करतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक जुने भिंग, एक साधा कॅमेरा आणि एक अडॅप्टर ठेवावा. नाभीय अंतर, प्रतिमा आणि मापाचा काटेकोरपणा हे धडे विद्यार्थी तेथे स्वतःच्या डोळ्यांनी शिकतील. आणि त्याबरोबर, आपल्या आधीच्यांनी घडविलेले न मोडता पुढे कसे चालवावे, हेही.