डेंग यापिंग : टेबलापासून विद्यापीठापर्यंत

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



टेबल टेनिसचे टेबल जमिनीपासून ७६ सेंटिमीटर उंच असते. त्याची लांबी २.७४ मीटर आणि रुंदी १.५२५ मीटर असते. ही मापे जगभर सारखीच आहेत. खेळाडूच्या उंचीनुसार ती बदलत नाहीत. उंच खेळाडूला जाळीजवळ पडलेला आखूड चेंडू किंवा कडेला गेलेला चेंडू केवळ हात लांबवून गाठता येतो. ठेंगण्या खेळाडूला मात्र त्यासाठी एक पाऊल जास्त टाकावे लागते. चीनमधील हेनान प्रांताच्या संघात एका लहान मुलीला प्रवेश नाकारण्यात आला, तो याच हिशेबाने. तिचे हात आखूड आहेत, उंची कमी आहे, म्हणून पुढे तिला वाव नाही, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला होता.

ती मुलगी म्हणजे डेंग यापिंग. पूर्ण वाढ झाल्यावरही तिची उंची जेमतेम १५० सेंटिमीटर भरली, म्हणजे उंचीबाबतचा अंदाज बरोबरच होता. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. पुढे याच खेळाडूने ऑलिम्पिकमध्ये ४ आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत ९ सुवर्णपदके मिळवली. वयाच्या २४ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर तिने विद्यापीठाची वाट धरली आणि केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. स्वतःची उणीव नेमकी ओळखायची आणि ती भरून काढण्याची शिस्तबद्ध पद्धत शोधायची, हे या दोन्ही वाटचालींचे समान सूत्र आहे.

झेंगझोऊ ते राष्ट्रीय संघ

डेंग हे आडनाव. चिनी प्रथेप्रमाणे ते आधी लिहिले जाते. यापिंग यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९७३ रोजी हेनान प्रांताची राजधानी झेंगझोऊ येथे झाला. चीनमध्ये टेबल टेनिसला तोवर राष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली होती. १९५९ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंड येथे रोंग ग्वोतुआन यांनी चीनला कोणत्याही खेळातील पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले. १९६१ मध्ये बीजिंग येथे चिउ चुंगहुई या चीनच्या पहिल्या महिला जगज्जेत्या ठरल्या. १९७१ मध्ये अमेरिकेच्या टेबल टेनिस संघाने चीनचा दौरा केला आणि ‘पिंगपाँग मुत्सद्देगिरी’ हा शब्दप्रयोग आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात रूढ झाला.

यापिंगचे वडील स्वतः टेबल टेनिसचे खेळाडू व प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तिने वयाच्या पाचव्या वर्षी बॅट हाती घेतली. प्रांतिक संघाने नाकारल्यावर ती झेंगझोऊ शहराच्या संघाकडून खेळू लागली. पायांना वाळूच्या पिशव्या बांधून सराव करणारी मुलगी, अशी तिची त्या काळातील आठवण सांगितली जाते. या सरावाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. उंच प्रतिस्पर्धी हाताने जे अंतर गाठते, ते यापिंगला पायांनी गाठावे लागणार होते. तेव्हा पायच अधिक वेगवान करणे, हा त्यावरचा उपाय होता.

वयाच्या तेराव्या वर्षी, १९८६ मध्ये, तिने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. तरीही राष्ट्रीय संघाचे दार लगेच उघडले नाही. उंचीचा मुद्दा तेथेही आडवा आला. अखेर १९८८ मध्ये तिची निवड झाली. त्याच वर्षी सोल येथे टेबल टेनिसचा ऑलिम्पिकमध्ये प्रथम समावेश झाला होता.

उणिवेतून घडलेली शैली

डेंग यापिंग यांच्या खेळाची तांत्रिक बाजू थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. त्या उजव्या हाताने, हस्तांदोलनासारख्या पकडीने खेळत. बॅटच्या एका बाजूला गुळगुळीत पृष्ठभागाचे रबर, तर बॅकहँडच्या बाजूला लांब दाण्यांचे रबर असे. गुळगुळीत रबर चेंडूला पकडून फिरकी देते. लांब दाण्यांच्या रबरावरून परतणाऱ्या चेंडूची फिरकी मात्र प्रतिस्पर्ध्याच्या अंदाजाबाहेरची असते. असे रबर सहसा बचावात्मक खेळाडू वापरतात. डेंग यांनी ते टेबलाला चिकटून, आक्रमणासाठी वापरले. चेंडू उसळताच, तो वर चढत असतानाच त्या फटका मारत. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला विचार करण्यास वेळ मिळत नसे. टेबलाजवळ उभे राहिल्याने चेंडूचा कोनही फार रुंदावत नसे आणि आखूड हातांची अडचण पुष्कळशी कमी होई.

रबराने खेळाचा इतिहास बदलू शकतो, हे मुंबईने १९५२ मध्येच पाहिले होते. आशियातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी मुंबईत भरली आणि स्पंजची बॅट घेऊन आलेल्या जपानच्या हिरोजी सातो यांनी पुरुष एकेरीचे विजेतेपद पटकावले. साधनाचा कल्पक उपयोग ही या खेळातील जुनी परंपरा आहे. डेंग यांनी तिला आपल्या शरीरयष्टीला अनुरूप असे नवे वळण दिले.

विजय आणि पराभव

१९८९ मध्ये डॉर्टमुंड येथे, म्हणजे चीनला पहिले जगज्जेतेपद मिळाले त्याच शहरात, १६ वर्षांच्या डेंग यांनी चिआओ हाँग यांच्या साथीने जागतिक दुहेरीचे विजेतेपद मिळवले. १९९१ ची स्पर्धा जपानमधील चिबा येथे झाली. उत्तर व दक्षिण कोरियाने तेथे प्रथमच संयुक्त संघ उतरवला आणि महिलांच्या सांघिक अंतिम सामन्यात चीनला हरवले. या पराभवानंतर त्याच स्पर्धेत डेंग यांनी संयुक्त कोरियाच्या ली बुन हुई यांचा पराभव करून एकेरीचे जागतिक विजेतेपद प्रथमच जिंकले.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्यांनी एकेरी आणि दुहेरी अशी दोन सुवर्णपदके मिळवली. एकेरीच्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर होत्या चिआओ हाँग, म्हणजे दुहेरीतील त्यांच्याच सहकारी.

यानंतरची दोन वर्षे त्यांच्या कारकिर्दीत विशेष अभ्यसनीय आहेत. १९९३ च्या गोथेनबर्ग जागतिक स्पर्धेत चीनने सांघिक सुवर्ण जिंकले. परंतु एकेरीत डेंग यांना सिंगापूरच्या जिंग जुनहाँग यांच्याकडून सुरुवातीच्या फेरीतच पराभव पत्करावा लागला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडा स्पर्धेत तर अंतिम फेरीत त्या जपानच्या चिरे कोयामा यांच्याकडून हरल्या. कोयामा या मूळच्या चीनच्या हे झिली, १९८७ च्या जगज्जेत्या. विवाहानंतर त्या जपानकडून खेळू लागल्या होत्या. आपल्याच प्रशिक्षणपद्धतीत वाढलेल्या खेळाडूकडून झालेला हा पराभव चीनमध्ये फार जिव्हारी लागला. प्रतिस्पर्ध्यांनी डेंग यांच्या खेळाची उत्तरे शोधली आहेत, हे या दोन पराभवांनी स्पष्ट केले.

अशा वेळी अव्वल स्थानावरील खेळाडूला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. १९९५ मध्ये तिआनजिन येथे डेंग यांनी एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही जागतिक सुवर्णपदके जिंकली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये एकेरीच्या अंतिम फेरीत त्यांची गाठ चिनी तैपेईच्या चेन जिंग यांच्याशी पडली. चेन जिंग यांनी १९८८ मध्ये चीनकडून खेळताना ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले होते. त्या काळी गेम २१ गुणांचा असे. ११ गुणांची पद्धत २००१ मध्ये आली. डेंग यांनी पहिले दोन गेम जिंकले, पुढचे दोन गमावले. सामना हातातून निसटत आहे, असे वाटण्याजोगी ती स्थिती होती. निर्णायक पाचवा गेम त्यांनी २१-५ असा जिंकला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष हुआन अंतोनियो समारांच यांच्या हस्ते त्यांना पदक देण्यात आले. दुहेरीतही चिआओ हाँग यांच्यासह त्यांनी सुवर्ण राखले आणि चार ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या त्या पहिल्या टेबल टेनिसपटू ठरल्या.

१९९७ मध्ये मँचेस्टर येथे त्यांनी पुन्हा तिहेरी यश मिळवले. त्याच वर्षी, जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असतानाच, त्यांनी निवृत्ती स्वीकारली.

अक्षरओळखीपासून डॉक्टरेटपर्यंत

चीनमधील क्रीडापद्धतीत मुलांना लहान वयात हेरून क्रीडाशाळांत घातले जाते. जिल्हा, प्रांत आणि राष्ट्र अशा पायऱ्या चढताना दिवसाचा बहुतेक वेळ सरावात जातो आणि शिक्षण मागे पडते. डेंग यांचीही स्थिती वेगळी नव्हती. बीजिंगच्या नामांकित त्सिंगहुआ विद्यापीठात इंग्रजी विषयासाठी त्या दाखल झाल्या, तेव्हा अध्यापकांनी त्यांना इंग्रजी वर्णमाला लिहिण्यास सांगितले. सर्व २६ अक्षरेही आपल्याला धड लिहिता आली नाहीत, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. जगातील अग्रमानांकित खेळाडूला वर्गातील सर्वांत मागे पडलेली विद्यार्थिनी म्हणून बसणे सोपे नसते. प्रसिद्धीची सवय झालेल्या माणसाला अज्ञान कबूल करणे अधिकच जड जाते. डेंग यांनी ते कबूल केले आणि सुरुवात अक्षरांपासून केली.

२००१ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये मॉस्को येथे २००८ च्या ऑलिम्पिकचे यजमानपद ठरायचे होते. बीजिंगची बाजू मांडणाऱ्या शिष्टमंडळात डेंग यांचा समावेश होता. पुढे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातून त्यांनी समकालीन चीनच्या अभ्यासातील पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर केंब्रिज विद्यापीठात बीजिंग ऑलिम्पिकचा चीनच्या राष्ट्रीय विकासावरील परिणाम हा विषय घेऊन त्यांनी संशोधन केले आणि २००८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकच्या क्रीडाग्रामाच्या व्यवस्थापनातही त्यांच्यावर महत्त्वाची जबाबदारी होती. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने त्यांचा आपल्या सन्मानित खेळाडूंच्या यादीत समावेश केला.

त्यांच्या वाट्याला केवळ यशच आले, असे मात्र नाही. २०१० मध्ये ‘पीपल्स डेली’ या शासकीय वृत्तपत्रसमूहाच्या इंटरनेट शोधयंत्राची धुरा त्यांच्याकडे सोपवण्यात आली. खासगी कंपन्यांच्या स्पर्धेत या उपक्रमाचा टिकाव लागला नाही. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. २०१४ पर्यंत हे शोधयंत्र दुसऱ्या शासकीय सेवेत विलीन करण्यात आले. क्रीडांगणावरील कीर्ती प्रत्येक क्षेत्रात यशाची हमी देत नाही, हा यातून घेण्याजोगा बोध होय.

यशाची दुसरी बाजू

एका खेळाडूच्या यशावरून संपूर्ण व्यवस्थेचे मूल्यमापन करणे योग्य ठरणार नाही. ज्या पद्धतीतून डेंग यापिंग घडल्या, त्याच पद्धतीतून बाहेर पडलेल्या असंख्य खेळाडूंना पदकही मिळाले नाही आणि शिक्षणही. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या एका महिला भारोत्तोलकावर सार्वजनिक स्नानगृहात काम करून उदरनिर्वाह करण्याची वेळ आल्याचे २००६ मध्ये उघडकीस आले, तेव्हा चीनमध्ये या प्रश्नाची मोठी चर्चा झाली. डेंग यांना ख्यातीमुळे विद्यापीठाचे दार उघडे झाले, ही वस्तुस्थिती आहे. आत गेल्यावरचे परिश्रम त्यांचे स्वतःचे होते, हेही तितकेच खरे. मात्र ज्यांच्यासाठी दारच उघडत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न धोरणकर्त्यांपुढे उरतोच.

भारतासंदर्भातही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१८ मध्ये मणिपूर येथील राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठासाठी संसदेने कायदा केला. निवृत्त खेळाडूंना प्रशिक्षण व रोजगाराची संधी मिळावी, यासाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘रीसेट’ हा कार्यक्रम सुरू केला. दुसरीकडे, भारतीय महिला टेबल टेनिसची प्रगती लक्षणीय आहे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत महिला संघाने सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुतीर्था व अयहिका मुखर्जी या जोडीने उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या जोडीला नमवून कांस्यपदक मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारतीय महिला संघ प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. या खेळाडूंच्या मागोमाग बॅट हाती घेणाऱ्या मुलींची वही आणि पुस्तकही सुटू नये, याची काळजी घरातील मंडळींनी, शाळांनी आणि क्रीडा संघटनांनी घेणे आवश्यक आहे.

मित्रहो, परीक्षेच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्याला नकाराचा अनुभव नवा नसतो. गुणवत्तायादीत नाव नसणे, एखादा विषय कच्चा राहणे, भाषेची भीती वाटणे, हे अनेकांच्या वाट्याला येते. डेंग यापिंग यांची उंची परिश्रमाने एका सेंटिमीटरनेही वाढली नाही. ज्या गोष्टी बदलणे शक्य नव्हते, त्यांवर त्यांनी वेळ खर्च केला नाही. पायांचा वेग, बॅटचे रबर, टेबलापासूनचे अंतर या बदलता येण्याजोग्या गोष्टींवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. वर्गात बसल्यावर अक्षरांपासून सुरुवात करण्याची लाजही त्यांनी बाळगली नाही. आपल्या उणिवांची अशीच प्रामाणिक यादी करावी, त्यांतील बदलता येण्याजोग्या कोणत्या ते ठरवावे आणि उद्याच्या वेळापत्रकात पहिले स्थान त्यांना द्यावे. अभ्यासाची खरी सुरुवात तेथून होते.