शाळेच्या मोटारीचा सारथी



शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हेडमास्तर येतात, फळा येतो, घंटा येते. पण ज्या मुलाची शाळा घरापासून आठ-दहा किलोमीटरांवर आहे, त्याला सकाळी भेटणारा शाळेचा पहिला माणूस म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. मास्तर नेमताना आपण पदवी पाहतो, दाखले तपासतो. ड्रायव्हर नेमताना मात्र पुष्कळ गावी एवढेच विचारतात, “गाडी येते ना रे तुला?” कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या नेतो, मग पोरांची गाडी का नाही नेणार? हा हिशेब बरोबर नाही. हे काम पत्करू पाहणाऱ्या तरुणाने तयारी कशी करावी आणि शाळेने त्याच्यात काय पाहावे, ते आज पाहू.

आधी कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात शाळेची बस ‘परिवहन वाहन’ या वर्गात मोडते, म्हणजे ट्रकच्या आणि एस. टी. च्या पंक्तीला बसते. अशा वाहनाच्या लायसनसाठी वय वीस वर्षे पुरे हवे. त्याआधी हलक्या मोटारीचे लायसन निदान एक वर्ष हाती असावे लागते. मग डॉक्टरचा दाखला घेऊन शिकाऊ लायसन काढायचे, निदान तीस दिवस शिकायचे आणि त्यानंतर आर. टी. ओ. कडे परीक्षेला उभे राहायचे. हे लायसन पाच वर्षे चालते, पुढे नवे करून घ्यावे लागते. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली निघाली. तरी रस्त्यावरच्या पाट्या आणि मुलांची यादी वाचता आलीच पाहिजे, हे सांगायला नको. लहान गाड्यांविषयी एक खुलासा करतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते. मोठ्या बसला मात्र ही सवलत नाही.

पण लायसन मिळाले म्हणजे झाले का? नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत शाळेची एक बस यमुनेत कोसळली आणि पंचवीसहून अधिक मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जे आदेश दिले, त्यांत शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला अवजड वाहनाचा निदान पाच वर्षांचा अनुभव हवा, असे सांगितले. भरधाव किंवा दारू पिऊन गाडी हाकल्याबद्दल ज्याच्यावर खटला झाला, त्याला हे काम देऊ नये, असेही बजावले. तेव्हा तरुण मित्रांनो, तुमची खरी परीक्षा या पाच वर्षांत होते. ट्रक चालवा, टेम्पो चालवा, पण आपले नाव स्वच्छ ठेवा.

आता थोडे गणित. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. समोर पोर दिसले आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक न लागताच संपते. वेग ६० केला तर ते अंतर १७ मीटरांच्या घरात जाते. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारी जागा तर सव्वादोन पट होते. गुरुजींनी हे उदाहरण जरूर फळ्यावर मांडावे. मुलांनाही धावत रस्ता का ओलांडू नये ते उमगेल.

दुसरी गोष्ट नजरेची. उंच बसच्या अगदी पुढे, चाकांच्या बाजूला आणि मागे काही जागा ड्रायव्हरला दिसतच नाही. पटत नसेल तर मोकळ्या मैदानात गाडी उभी करा, पुढे एक बादली ठेवा आणि आपल्या जागेवरून पाहा. ती दिसेपर्यंत मित्राला मागे मागे सरकवायला सांगा. मग कळेल, खाली पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकलेले पहिलीतले पोर कुठे नाहीसे होते ते. म्हणून उतरलेले प्रत्येक मूल रस्त्याच्या कडेला मोजून दिसल्याशिवाय चाक हलवू नये. मदतनीस मागे उभा नसेल तर गाडी मागे घेऊ नये. मार्ग संपला की शेवटच्या बाकापर्यंत चालत जावे. झोपी गेलेले एखादे मूल तिथे असू शकते.

रोज सकाळी चाकांची हवा, ब्रेक, दिवे आणि संकटकाळचे दार पाहावे. औषधाची पेटी आणि आग विझवायचे नळकांडे जागेवर आहे ना, तेही पाहावे. आपली झोपही तपासावी, बरे का! रात्रभर ऊस वाहून पहाटे मुलांच्या गाडीवर बसणारा माणूस दारू न पिताही धोक्याचा असतो.

पण सगळ्यांत अवघड तयारी आहे ‘नाही’ म्हणण्याची. पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहते. मागून कुणी म्हणते, “अहो, आत्ताच ट्रॅक्टर गेला की! चला पुढे.” पाण्याखाली फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही. इथे थांबायला पोटात बळ लागते. “अजून चार पोरं घे, तेवढेच पैसे सुटतील,” असे मालक म्हणतो तेव्हाही तेच बळ लागते. ज्याची नोकरी एका शब्दाने जाऊ शकते, त्याने हे बळ आणायचे कुठून?

ते शाळेने द्यायचे असते. महाराष्ट्रात २०११ साली स्कूल बससाठी निराळे नियम झाले. त्यांत प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, असे ठरले. समितीने लायसन आणि विमा पाहावाच, पण एक ठरावही लिहून ठेवावा : फरशीवर पाणी असेल तर गाडी थांबेल, बाकांपेक्षा जास्त मुले बसणार नाहीत आणि यापायी ड्रायव्हरचा पगार कापला जाणार नाही. हा कागद गाडीत लावावा, पालकांच्या सभेत वाचून दाखवावा. मग गाडी उशिरा आली म्हणून कुणी ड्रायव्हरवर ओरडणार नाही.

जूनमध्ये शाळा उघडतात. त्याआधी गुरुजींनी ड्रायव्हरला बोलावून समोर खुर्ची द्यावी आणि सारा मार्ग त्याच्या तोंडून ऐकून घ्यावा : कुठे वळण आहे, कुठे फरशी आहे, कोणते मूल कुठे उतरते. हे सगळे त्याला नीट सांगता आले, तर त्याची तयारी झाली असे समजावे.